जिव्हाळ्याचं खातं

आमच्या कंपनीत माणसांची काळजी वाहणारं एक खातं आहे आणि मी नोकरीला लागल्यापासून त्याचं चार वेळा बारसं झालेलं आहे.

१९९६ साली त्याला नावच नव्हतं, कारण खातंच नव्हतं. एक बाई होत्या. त्या हिशेब लिहीत, पगाराची पाकिटं भरत, टेलिफोन घेत, कुरिअरवाल्याशी भांडत आणि उरलेल्या वेळात आमची काळजी वाहत. दोनशेपानी वहीत त्या आमच्या रजा मांडून ठेवायच्या. कुणाला पित्ताचा त्रास आहे, कुणाच्या बहिणीचं जमत नाही, कोण घर बघतोय आणि कोण घर बघायला जातो असं सांगून दुसरी नोकरी बघतोय, हे मात्र त्यांना वहीत न मांडताच पाठ होतं. पुढे कंपनी वाढली आणि बाईंच्या जागी 'पर्सोनेल' आलं. पर्सोनेलचं 'एचआर' झालं. एचआरचं 'पीपल अँड कल्चर' झालं. आता त्या दारावर 'एम्प्लॉयी हॅपिनेस' अशी पाटी आहे. म्हणजे आमचं सुख सध्या एका खात्याच्या ताब्यात आहे. त्याला मॅनेजर आहे, बजेट आहे, तिमाही टार्गेट आहे. ज्या शहरात पाण्यासाठी पाणीपुरवठा खातं आणि रस्त्यांसाठी पथ विभाग आहे, त्या शहरात जन्म काढलेल्या माणसाला हे ऐकून जी धाकधूक वाटेल, ती मला वाटते.

त्या वेळी आमची कंपनी एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर होती. वरच्या मजल्यावर मालक राहत. पुण्यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या अशाच कुणाच्या तरी राहत्या घरात रांगायला लागल्या. इन्फोसिससुद्धा १९८१ साली पुण्यातच, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झाली आणि मग बंगलोरला गेली. पुणेकर ही हकीकत अजूनही, हातचं स्थळ दुसऱ्या गावानं पळवल्यासारखी सांगतात.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं. धुळीनं यंत्र बिघडतं हे शास्त्रीय कारण, पण आमच्या चेहऱ्यावरचा भाव गाभाऱ्यात शिरल्याचा असे. कंपनीत माणसं किती, हे गिऱ्हाइकं दाराबाहेरच्या चपला मोजून ठरवत. म्हणून मोठं गिऱ्हाईक येणार असलं की साहेब वरून घरातल्या चार-पाच चपला आणून त्यात मिसळत. दसऱ्याला मॉनिटरला झेंडूची माळ, सीपीयूवर स्वस्तिक आणि कीबोर्डला हळदकुंकू. एका वर्षी 'एन्टर'च्या बटणात हळद गेली आणि ते मशीन दिवाळीपर्यंत कुठलीच आज्ञा मानेना.

साहेब तापट होते. पगार एक तारखेला व्हायचा. फक्त कुठल्या महिन्याच्या एक तारखेला, हे नक्की नसायचं. 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असलं वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. 'तुम्हाला पोसून माझं कुटुंब उपाशी मरेल' हे मात्र आठवड्यातून एकदा ऐकायचो. त्यांच्या आई, म्हणजे आमच्या आजी, एकादशीला खाली साबुदाण्याची खिचडी पाठवत. एअरकंडिशनमध्ये बसून बसून पोरांना संधिवात होणार, अशी त्यांची ठाम समजूत असल्यामुळे आमच्या चहात बारा महिने सुंठ असे.

१९९७ च्या पावसाळ्यात माझे वडील आजारी पडले. मिरजेला मिशन हॉस्पिटलात ठेवलं होतं. बाईंनी ते साहेबांना सांगितलं असावं, कारण मी काही बोललो नव्हतो. साहेबांनी मला आत बोलावलं आणि चढ्या आवाजात विचारलं, "अजून इथं काय करताय? प्रोग्राम काय पळून जाणाराय?" मग ड्रॉवरमधून एक पाकीट काढून टेबलावर आपटलं. त्यात सात हजार रुपये होते. मी नऊ दिवसांनी परत आलो तेव्हा मला कळलं, ते पैसे यूपीएसच्या बॅटऱ्यांचे होते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची. मधल्या गुरुवारी बॅटऱ्या नसल्यामुळे सगळी कंपनी अंधारात बसली होती आणि साहेब येरझारा घालत म्हणत होते, "वाचा! जरा वाचन करत जा!"

बाईंच्या वहीत माझ्या त्या नऊ दिवसांपुढे रजेच्या कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: 'वडील'.

आता कोबोलकाकांविषयी. माणूस माझ्याहून जेमतेम सहा वर्षांनी मोठा, पण तिशीतच कपाळ मागे सरकलेलं, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि येत असलेली भाषा कोबोल. ही भाषा १९५९ सालची. काका तिच्याहून सात वर्षांनी लहान, पण दोघं एकत्र लहानाची मोठी झाल्यासारखी वाटत. आम्ही नवी पोरं सी, जावा वगैरे शिकून आलेलो. कोबोल म्हणजे आम्हाला मोडी लिपी. पण १९९८ उजाडलं आणि जगाला एकदम काकांची गरज पडली.

जुन्या प्रोग्रामांतून जागा वाचवायला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. ९८, ९९ आणि मग ००. हे ०० म्हणजे २००० की १९००, हे यंत्राला कळणार कसं? आमचं गिऱ्हाईक होतं अमेरिकेतली एक विमा कंपनी. तिथं सव्वीस वर्षांचा तरुण एका रात्रीत जन्मापूर्वीच मेलेला निघण्याची शक्यता होती. काकांनी आम्हाला हाताशी घेऊन ओळीन् ओळ तपासली. २००० हे लीप वर्ष आहे की नाही यावर एक दुपार वाद झाला. शंभरनं भाग जातो म्हणून नाही, असं मी सांगत होतो. काकांनी पंचांग सांगावं तशा सुरात सांगितलं, "चारशेनंही जातो. एकोणतीस फेब्रुवारी आहे. लिहा."

३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री आम्ही सगळे बंगल्यात. बारा वाजले, काही झालं नाही. पण आमची खरी मध्यरात्र न्यूयॉर्कची, म्हणजे आपल्याकडे १ जानेवारीच्या सकाळी साडेदहाची. साडेदहा वाजले. पुन्हा काही झालं नाही. पावणेअकराला फॅक्स आला की सगळं ठीक आहे. आजींनी शिरा पाठवला. काही घडवून आणण्याचे पैसे जगात सगळ्यांनाच मिळतात. काहीच घडलं नाही याचे डॉलर मिळवणारी पुण्यातली आमचीच पिढी. साहेबांनी त्या दिवशी काकांच्या पाठीवर थाप मारली. ती इतकी जोरात होती की काकांच्या शर्टावर शिरा सांडला.

२००४ साली आम्ही हिंजवडीला गेलो. काचेची इमारत, मधोमध कारंजं, चपला घालूनच सर्वत्र प्रवेश. पूर्वी मी पंधरा मिनिटं सायकल मारून कचेरीत जायचो. आता वाकडच्या पुलाजवळच बसमध्ये माझी एक झोप पूर्ण व्हायची.

तिथं आम्हाला संस्कृती आणायची होती. त्यासाठी अमेरिकेहून एक सल्लागार आले. त्यांचं म्हणणं असं, की 'सर', 'साहेब' या शब्दांमुळे माणसाची कल्पकता मरते, तेव्हा सर्वांनी सर्वांना पहिल्या नावानं हाक मारावी. कॅन्टीनमध्ये एक पेटी ठेवली. 'साहेब' म्हणणाऱ्यानं तीत एक रुपया टाकायचा. दुसऱ्याच दिवशी पेटी भरली. तरुण पोरांना चटकन जमलं, पण ज्या माणसानं आपल्या वडिलांसाठी बॅटऱ्यांचे पैसे दिले त्याला एकेरी नावानं हाक मारताना माझी जीभ टाळ्याला चिकटायची. काकांनी यातून अस्सल देशी मार्ग काढला. ते साहेबांना 'अहो' म्हणू लागले. "अहो, ऐकलं का, तो रिपोर्ट झालाय." दंड करायला नियम नव्हता. पुढची कित्येक वर्षं दोघांचा कारभार जुन्या वळणाच्या जोडप्यासारखा 'अहो'वर चालला. जमलेल्या पैशांची भेळ आणली, ती सल्लागारांनीही खाल्ली आणि तिखट लागल्यावर "साब, पानी" असं म्हणून स्वतः एक रुपया टाकला.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, गृहस्थ जुने दिवस उगाळतोय. मलाही वाटलं होतं की आपण फार हृद्य काही सांगतो आहोत. माझ्याच वर्षी लागलेली एक मैत्रीण आहे, आता आमच्या दोन प्रोजेक्टांची प्रमुख. तिच्यापुढे एकदा मी बंगल्याचं असंच गुणगान लावलं. तिनं शांतपणे डबा बंद केला.

"तुमच्या त्या बंगल्यात बायकांना वेगळं टॉयलेट नव्हतं," ती म्हणाली. "मी वर आजींकडे जायचे. आणि दर वेळी आजी विचारायच्या, 'लग्नाचं बघतायत की नाही?' मुलाखतीत साहेबांनीही तेच विचारलं होतं. तुला विचारलं होतं?"

मला विचारलं नव्हतं.

"दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी साहेब म्हणाले, 'घ्या हवी तेवढी रजा.' घेतली. परत आले तर माझं काम दुसऱ्याला दिलेलं. मोठ्या मनानं दिलं होतं, त्यामुळे बोलायची सोय नाही! रात्री नऊला तुम्ही सगळे चहा पीत बसायचात आणि मी डेक्कनपर्यंत रिक्षा शोधत जायचे. आज माझ्या टीममधल्या मुली सव्वीस आठवडे रजा घेतात, २०१७ च्या कायद्यानं. कंपनीची गाडी त्यांना दारात सोडते. कुणी वेडंवाकडं बोललं तर समिती आहे, तीही २०१३ च्या कायद्यानं. आणि या कशासाठीही त्यांना कुणाच्या आईची खिचडी गोड मानून घ्यावी लागत नाही."

यावर मी खिचडी तिखटच असायची असं काहीतरी पुटपुटलो. पण तिचं बरोबर होतं. हक्कानं मिळालेल्या गोष्टीबद्दल कुणाचे आभार मानावे लागत नाहीत, हे सुख साहेबांच्या राज्यात नव्हतं. आणि साहेबांचा ड्रॉवर माझ्यासाठी उघडला. तो सगळ्यांसाठी उघडत होता की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं.

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि हिंजवडीत आमचे अकरा जण गेले. 'कपात' हा शब्द कुणी उच्चारला नाही. 'राइटसायझिंग' म्हणायचं, म्हणजे शिंप्यानं कपडा नीट बेतल्यासारखं वाटतं. साहेबांनी अकरांनाही एकेक करून स्वतः बोलावलं, स्वतःच ओरडले, आणि मग दार लावून महिनाभर ओळखीपाळखीच्या कंपन्यांना फोन करत बसले. बहुतेकांची सोय लागली. साहेबांची मात्र हौस संपली असावी. २०११ साली त्यांनी कंपनी एका परदेशी कंपनीला विकली. निरोपाच्या दिवशी त्यांनी पेटीत शंभराची नोट टाकली आणि म्हणाले, "आता एक दिवस सगळे साहेब म्हणा."

नव्या मालकांबरोबर भिंतींवर तसबिरी आल्या. 'आपण एक कुटुंब आहोत' ही त्यातली सगळ्यात मोठी, लिफ्टसमोर. आणि अजाइल आलं.

ही मूळची गोष्ट मोठी चांगली आहे. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी सतरा जाणती माणसं जमली आणि त्यांनी सॉफ्टवेअर कसं करावं याचा एक छोटासा जाहीरनामा लिहिला. त्यातला पहिलाच मुद्दा असा, की पद्धती आणि साधनं यांच्यापेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद मोलाचा. वाचून माझे डोळे पाणावले. बंगल्यात आम्ही हेच तर बर्फाशिवाय करत होतो! हा मुद्दा अमलात आणण्यासाठी नव्या मालकांनी ताबडतोब एक महागडं साधन विकत घेतलं आणि आम्हाला त्याची पद्धत शिकवायला तीन दिवसांचा वर्ग लावला.

तेव्हापासून रोज सकाळी आमची उभ्यानं सभा भरते. उभ्यानं का, तर ती पंधरा मिनिटांत संपावी म्हणून. हे ज्यानं योजलं तो महाराष्ट्रात आलेला नसावा. 'उभ्या उभ्या येऊन जाते' असं सांगून हळदीकुंकवाला गेलेली बाई किती वाजता परतते, हे आपल्याकडे लहान मुलाला ठाऊक आहे. प्रत्येकानं काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काय, एवढंच सांगायचं. काका रोज एकच सांगत: "काल केलं. आज करतो. अडचण गुडघ्याची."

काम किती मोठं आहे हे तासांत सांगायचं नाही, गुणांत सांगायचं. आणि गुण फक्त एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा असेच. चार म्हणायची बंदी. "ताई, चार किलो कांदे नाहीत, तीन घ्या नाहीतर पाच," असं मंडईत कुणी म्हणालं तर काय होईल? हे गुण ठरवायला पत्ते वापरतात. प्रत्येकानं आपलं पान पालथं ठेवायचं आणि एकदम उलटायचं. अशा रीतीनं कचेरीच्या वेळेत पत्ते कुटायला मला वयाच्या चाळिशीत लेखी परवानगी मिळाली. आणि दोन आठवड्यांच्या कामाला म्हणायचं 'स्प्रिंट'. एक स्प्रिंट संपला की त्याच दुपारी दुसरा. शंभर मीटरची शर्यत वर्षभर सलग पळणाऱ्या माणसाकडे शाळेत आमच्या पीटीच्या मास्तरांनी काळजीनं पाहिलं असतं.

२४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला आणि कंपनी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आली. बायकोनं तोपर्यंत माझं काम पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिला माझ्याविषयी आदर होता. आठवड्याभरानं तिनं विचारलं, "तुम्ही दिवसभर 'माझा आवाज येतोय का?' एवढंच विचारता. याचा पगार देतात?" मी म्हटलं, मधूनमधून 'स्क्रीन दिसतोय का?' हेही विचारावं लागतं.

परत हिंजवडीला बोलावणं आलं तेव्हा आमची टेबलं गेलेली होती. म्हणजे टेबलं होती, पण कुणाचीच नव्हती. आदल्या दिवशी मोबाइलवर जागा आरक्षित करायची, संध्याकाळी पुसून जायची. काकांच्या टेबलावर काच असे. तिच्याखाली गणपती, पीएमटीचं जुनं वेळापत्रक, मुलीचा शाळेतला फोटो आणि २००० सालचा तो फॅक्स. तो ऐवज त्यांनी घरी नेला. मोबाइलचं आरक्षण त्यांना कधीच जमलं नाही. ते सकाळी साडेआठला येत, जुन्या जागेच्या खुर्चीवर रुमाल टाकत आणि चहाला जात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून ज्यानं जन्मभर कोल्हापूर गाठलं, त्याला मोबाइल काय सांगणार? एक-दोनदा सिक्युरिटीकडून 'बेवारस वस्तू आढळली' अशी सर्वांना सूचना आली. पण पोरांनी काकांचा रुमाल ओळखला होता. कुणी तिथं बसत नसे.

याच सुमाराला हॅपिनेस खात्यानं चेहरे आणले. सकाळी लॅपटॉप उघडला की पाच चेहरे येतात, रडक्यापासून खदखदून हसणाऱ्यापर्यंत. 'आज तुम्हाला कसं वाटतंय?' त्यातला एक दाबल्याशिवाय पुढे काही उघडत नाही. हसरा दाबला तर याला काम कमी आहे असं वाटेल, रडका दाबला तर फोन येईल, म्हणून सगळे जण मधला दाबतात. दर तिमाहीला आमचं सुख स्थिर असल्याचं पत्र येतं.

२०२४ च्या एका मंगळवारी दुपारी काकांना चार वाजताच्या मीटिंगचं आमंत्रण आलं. विषय लिहिलेला नव्हता. वेळ पंधरा मिनिटं. निवृत्तीला त्यांना दोन वर्षं होती. पडद्यावर दोन अनोळखी माणसं होती. त्यांनी काकांचे खूप आभार मानले. नऊ मिनिटांत आटोपलं. उभ्यानं सभा वेळेत संपल्याचं माझ्या पाहण्यातलं हे एकच उदाहरण, आणि ती बसून होती. चार वाजून दहा मिनिटांनी काकांचा लॅपटॉप बंद पडला. कार्डही बंद झालं. आमच्याकडे फाटकातून बाहेर पडायलासुद्धा कार्ड लागतं, त्यामुळे कंपनीनं काढलेल्या माणसाला कंपनीतून निघता येईना. शेवटी वॉचमननं आपलं कार्ड लावून दार उघडलं आणि सवयीनं म्हणाला, "या काका उद्या."

मी त्यांना स्कूटरवर घरी सोडलं. मांडीवर डबा धरून ते मागे बसले होते. चांदणी चौकापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तिथं सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "रुमाल वरच राहिला."

त्या रात्री कंपनीची ईमेल आली. काही सदस्य नव्या प्रवासाला निघाले आहेत, आणि आपण एक कुटुंब आहोत.

दुसऱ्या दिवशी मी घरूनच काम करत होतो. सकाळी चेहरे आले. मी रडका दाबला.

अकरा वाजता फोन वाजला. हॅपिनेसमधून एक मुलगी बोलत होती, आवाजावरून तेवीस-चोवीसची. इंग्रजीत म्हणाली की तुमच्या भावना महत्त्वाच्या आहेत, आणि आपण आधी तीनदा दीर्घ श्वास घेऊ या. बायको बाजारात गेली होती. पहिल्या श्वासाला कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या श्वासाला दुसरी. मग पलीकडे क्षणभर शांतता, आणि शुद्ध मराठीत प्रश्न आला, "सर, डाळीचा आहे का? मग तिसरीला बंद करा. आई म्हणते, जास्त झाल्या तर चव जाते."

"कुठली गं तू?"

"मिरजेची."

मग इंग्रजी संपलं. ती वाकडला तिघींबरोबर खोली घेऊन राहते. वर्ष होत आलं, पण तिचा साहेब तिनं अजून पडद्याबाहेर पाहिलेला नाही. दिवसाला वीस माणसांना ती कसं वाटतंय विचारते. तिला विचारणारं कुणी नाही, पण सकाळी चेहरे तिलाही येतात. "मी मधलाच दाबते," ती म्हणाली. सरचं काका कधी झालं ते मला कळलंही नाही.

"पण काका, तुम्हाला काय झालं?"

"काकांना काढलं."

"तुमच्या काकांना?"

"सगळ्यांच्याच."

मी तिला कोबोल सांगितलं, साडेदहाची मध्यरात्र सांगितली, रुमाल सांगितला. तिनं ऐकून घेतलं. मधे एकदा तिनं नाक ओढल्याचा आवाज आला, किंवा लाइनमध्ये खरखर असेल. मग ती थोडी अवघडून म्हणाली, "काका, मला हा फॉर्म भरावा लागतो. फोनचं कारण निवडायचं असतं. कामाचा ताण, आरोग्य, आर्थिक, घरगुती…" ती खाली खाली सरकत गेली. "यात असं काही नाहीये. म्हणजे, सोबतचा माणूस गेला, असं. 'इतर' टाकू का?"

"टाक," मी म्हणालो, आणि तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायला उठलो.